कॉलेजचं वल्हवणं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा असलेला भाऊ पुढे शिकला. रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यातून मुंबईच्या कॉलेजात गेलेला तो पहिलाच. दोघांना शिकवणं बापाला झेपत नव्हतं, म्हणून मी सुकट वाळत घालायला लागले. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. पण माझ्या वाटचं शिक्षण त्याने वाया घालवलेलं मी खपवून घेणार नव्हते.

पहिल्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत तो घरी आला आणि म्हणाला, आता परत जायचं नाही. आधी कारण सांगेना. मग हळूहळू निघालं. कॉलेजात अभ्यासाशिवाय नाटक, वादसभा, क्रिकेट असं पुष्कळ चालायचं. नाटकात त्याच्या बोलीला हसले. क्रिकेट त्याने कधी पाहिलंही नव्हतं. राहिली होड्यांची शर्यत. तिथे तरी आपण वरचढ ठरू अशा खात्रीने तो गेला, आणि पहिल्याच चाचणीत त्याला उतरवलं. तेव्हापासून वसतिगृहातली मुलं जेवताना म्हणायची, "कोळ्याला वल्हवता येत नाही, मग हे लोक मासे बाजारातून आणतात काय?"

चूक त्याचीच होती. आमची माणसं लाट बघून वल्हं मारतात. लाट उचलली की हात आवरायचा, उतरली की ओढायचं. कॉलेजच्या होडीत चौघे वल्हवणारे आणि एक सुकाणूवाला. तो ओरडला की चारही वल्ही एकदम पाण्यात पडायला हवीत. हा प्रत्येक लाटेला आपल्या मनाने थांबायचा, आणि मागच्याचं वल्हं याच्या वल्ह्यावर आपटायचं.

मी विचारलं, "सुट्टी किती हाय?"

"धा दिस. पन मी जात न्हाय, बाय."

"ते धा दिसांनी बघू. होडी काढ."

बाईने होडीत पाय ठेवायचा नाही, अशी आमच्यात रीत होती. मी त्याच्यासमोर जाऊन बसले. रॉकेलचा रिकामा डबा मांडीवर घेऊन मी एका ठेक्यात बडवायची, आणि त्यावर त्याने वल्हवायचं. पण डोळे लाटेकडे जायचेच. तिसऱ्या दिवशी मी त्याचाच रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला. दिसेनासं झालं तेव्हा कुठे तो ऐकायला लागला. हाताला फोड आले म्हणून कुरकुरला. मी डबा थांबवला नाही.

चौथ्या दिवशी किनाऱ्यावर म्हातारे जमले. होडी बाटली, आता जाळ्यात मासळी यायची नाही, असं बापाला सुनावलं. बाप माझ्यावर भडकलेला होताच, पण त्यांच्यासमोर एवढंच म्हणाला, "होडी माझी, पोरगी माझी. नारळ फोडतो, आनखी काय?" नारळ फोडला. घरी आल्यावर मला चांगलंच झापलं. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा डबा घेऊन गेले.

दहाव्या दिवशी तो डोळे उघडे ठेवून खाडी पार करून परत आला, एकदाही न चुकता. परत जायचं की नाही, हे मी विचारलंच नाही. त्याची ट्रंक भरून ठेवली होती.

"फिरून उतरवला तर?" निघताना तो म्हणाला.

"तर फिरून चढ."

महिन्याने पत्र आलं. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून मीच मोठ्याने वाचलं. त्याला होडीत जागा मिळाली होती. शर्यतीत त्यांचं कॉलेज शेवटून पहिलं आलं. बाप म्हणाला, मग एवढं करून मिळवलं काय? मी खालची ओळ वाचून दाखवली. वार्षिक परीक्षा झाल्यावरच घरी येईन, असं त्याने लिहिलं होतं.