वरच्या आळीचं पाणी

गावभर पाणी वाटून स्वतःचं घर कोरडं ठेवणं आबांइतकं कुणाला जमलं असेल असं मला वाटत नाही. आबा आमच्या नगरपरिषदेचे व्हॉल्व्हमन, म्हणजे रस्त्यातलं झाकण उघडून पाणी सोडणारे. मावळातलं आमचं गाव लहान. लोणावळ्याला निघालेली मंडळी इथे फार तर पंक्चर काढायला थांबतात. अशा गावात आबांचा केवढा मान! छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते निघाले की गल्लोगल्ली बादल्या वाजायला लागत. चावी व्हॉल्व्हवर बसवायची, तिच्या दांड्याला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "देवळापत्तूर आलंय. आता पाच मिंटं." पाच मिनिटांत पाणी यायचंच. माणसं त्यांच्या लक्षात राहत ती पाण्याच्या वेळेवरून. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा पेढे घेऊन गेले, तर त्यांनी जावयाला माझी ओळख करून दिली, "या सव्वासातच्या बाई." कुणी लग्नाची पत्रिका आणली की नवरा-नवरीची नावं राहिली बाजूला, आबा आधी विचारणार, "त्या दिशी पानी खालच्या भागाला का वरच्या?" आणि लग्नघराला पंधरा मिनिटं जास्त पाणी द्यायचे. ती पंधरा मिनिटं कापायचे स्वतःच्या आळीची.

ही आळी टेकाडावर, माझ्या घराशेजारच्या पायऱ्या चढून. सात घरं. पाणी तिथे सगळ्यांत शेवटी पोचायचं आणि करंगळीएवढ्या धारेने. चावी हातात असताना आबांनी तिथे एक मिनिट वाढवलं नाही. "पानीवाल्याच्या दारात पानी आदी आलं, तर गाव काय म्हनंल?" असं ते म्हणायचे. ऐकायला हे फार थोर वाटतं. पण काकी, म्हणजे त्यांची बायको, माझ्या नळावर दोन हंडे भरून त्या पायऱ्या चढायला लागल्या की मला आबांच्या थोरपणाचा संताप यायचा. आबांनी त्यांना शब्द दिला होता, "रिटायर व्हायच्या आदी आपल्या दारात नळ धो धो दावतो तुला." काकी पदराने हंड्याचं बूड पुसत म्हणायच्या, "दावा, दावा. लय वर्सं झाली आयकतीया."

मग खरोखरच योग आला. राज्य शासन आणि नगरपरिषद यांनी मिळून योजना आणली, चौकात फलक लागला: चोवीस तास पाणी. पुण्याहून टॅबलेट घेतलेले इंजिनिअर आले, आणि कळलं की जुन्या पाइपलाइनचा नकाशा नगरपरिषदेत नाहीच. तो होता फक्त आबांच्या डोक्यात. इस्त्रीचा शर्ट घालून आबा पुढे आणि साहेब मागे, असे ते सगळं गाव फिरले. "हितं खाली वाकडं वळान हाय," आबा म्हणाले आणि खणलं तर होतंच. मोठे साहेब त्यांना 'सर' म्हणायला लागले, तेव्हा आबा मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून.

शेवटच्या दिवशी मंडळी माझ्या ओट्यावर चहाला बसली. साहेबांनी विचारलं, "आबा, आणखी कुठे राहिलंय का?" आबांनी एकदा पायऱ्यांकडे पाहिलं. मी बघत होते. "न्हाई साहेब. झालं समदं," ते म्हणाले आणि त्यांनी नकाशा बरोबर असल्याची सही केली. मला वाटलं, वरची आळी आधीच झाली असेल. विचारायला हवं होतं मी. मी कप गोळा करत बसले.

नवी पाइपलाइन माझ्या भिंतीपाशी येऊन थांबली. नकाशात वर आळीच नव्हती. साहेब बिचारे भले. त्यांनाही वाईट वाटलं, पण म्हणाले, आता पुढच्या टप्प्यात. आबांनी सातही घरांत जाऊन हात जोडले. मग माझ्या ओट्यावर येऊन टेकले. "सायबाला सोताच्या दारात न्यायची लाज वाटली वो बाई," एवढंच म्हणाले. माझा नळ आता चोवीस तास वाहत होता, त्यामुळे काकींच्या खेपा वाढल्या. वर्षभरात गुडघे पार गेले. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या, आणि लेकीने त्यांना घोरावाडी स्टेशनजवळ आपल्या तळमजल्यावरच्या घरी नेलं.

आबा गेले नाहीत. ते निवृत्त झाले, चावी जमा केली, आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ज घेऊन नगरपरिषदेच्या बाकावर बसायला लागले. दोन वर्षं बसले. कारकून बदलले, आबांचा बाक बदलला नाही. मी म्हणायचे, "आबा, काकींकडे जाऊन राहा हो." तर म्हणायचे, "तसंच कसं जाऊ? शबुद दिलाय."

गेल्या महिन्यात वरच्या आळीला पाणी आलं. मीही पायऱ्या चढून गेले. चावी नव्हती, म्हणून आबांनी दारातल्या नळालाच कान लावला. "तुमच्या भिंतीपत्तूर आलंय बाई." मग नळ सोडला. धार अशी सुटली की आळीतली माणसं ओरडलीच. आबांनी फोन लावला आणि तो धारेजवळ धरला. "आयकतीस न्हवं?"

पलीकडून काकींचा आवाज आला, "आयकलं. बंद करा आता, वाया चाललंय."

आबांनी लगेच नळ बंद केला. फोन कानाला लावून ते तसेच उभे राहिले. पलीकडून आता काही ऐकू येत नसावं. पण डोळे त्यांनी मिटले होते, चावीला कान लावताना मिटायचे तसे.