गच्चीवरचा एक्स-रे

येत्या ग्रहणासाठी मुलीने मागवलेल्या चष्म्याचं पाकीट फोडलं आणि त्या काळ्या फिल्मच्या वासाने मला डोंबिवलीची आमची गच्ची आठवली. तेव्हाही सकाळचं सूर्यग्रहण होतं. आईने पाण्यात, दह्यात तुळशीची पानं टाकून ठेवली होती आणि बाबा "जुनाच आहे" म्हणत कपाटातला एक्स-रे घेऊन वर आले होते. "याने डोळे जातात, बाबा," मी म्हटलं. "दोन मिनिटांत काही जात नाहीत, मास्तरीणबाई," ते हसले. फिल्मवरच्या काळ्या फुफ्फुसातून सूर्याची कोर दिसली. मग फिल्म जरा सरकली आणि सुपारीएवढ्या पांढऱ्या डागातून ऊन थेट डोळ्यांत घुसलं. कोपऱ्यात बाबांचं नाव होतं, तारीख मागच्याच महिन्याची, पत्ता ठाण्याचा. आम्हाला कळू नये म्हणून त्यांनी तो पार ठाण्याला जाऊन काढला होता. "हे काय आहे, बाबा?" "अगं, आधी ग्रहण बघ, सुटेल नाहीतर." एरवी कुणालाही उत्तर घेतल्याशिवाय न सोडणारी मी ग्रहण बघत राहिले. ते सुटल्यावर मी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या ग्रहणाला बाबा नव्हते. आज मुलीचा चष्मा लावून खिडकीबाहेर सूर्याकडे बघितलं, तर सगळा काळोख होता, आणि त्यात सुपारीएवढा तो पांढरा डाग.