पहिल्या तासाला विचारू नये ते

लोहारा सोडलं तेव्हा जीपवाला टपावर बांधलेली धनुकली बघून हसला. "चाचा, पुण्यात कापूस कोण पिंजून घेतंय? टाका की हितंच." म्या म्हटलं, "तू गाडी हाक." अब्बाच्या हातची धनुकली ती. टाका म्हणे!

गावात गल्लीत शिरून तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, एकदा टुंय टुंय वाजवली की बायका गाद्या घेऊन बाहेर यायच्या. पुण्यात पोराच्या फ्लॅटमध्ये ती कपाटामागं गेली. इथं गाद्या मोबाईलवरून येतात, लिफ्टनं.

पण गावकऱ्यांनो, माझा राग त्याचा न्हाय. राग आला नातीचा. नसीम औंदा कॉलेजात शिकवायला लागली. पहिल्या तासाला काय करायचं ते कागदावर मांडून मला वाचून दाखवत होती.

"पोरं एकेक उभी राहतील, दादा. नाव, गाव, वडील काय करतात."

"बाप कशाला मधी?"

"ओळख होते हो."

माझं डोकंच फिरलं. तिसरीत नवा मास्तर आला, त्यानं हेच विचारलं होतं. म्या ताठ उभं राहून "पिंजारी" म्हटलं, तर सगळा वर्ग तोंडानं 'टुंय टुंय' करायला लागला. मास्तरसुद्धा हसला. तिथून उठलो, ते परत शाळेत गेलो न्हाय.

अब्बा सांगायचे, "गादी उसवताना मालकाकडं बघायचं न्हाय. कापसाकडं बघायचं." कारण आतून कापसाबरोबर फाटकी लुगडी, पोरांचे जुने सदरे निघायचे. घरचा माणूस शरमायचा. आन् ही शिकलेली पोरगी साठ पोरं भर वर्गात उसवणार! म्या बोललो ते सगळं लिहीत न्हाय. नसीमनं पेन घेतलं, ती ओळ खोडली.

पहिला तास घेऊन आली तर चेहरा फुललेला. "दादा, मीच सांगितलं. माझे आजोबा पिंजारी. कुणी हसलं नाही."

"मला न विचारता?"

"आपली गादी आपण उसवली तर चालतं की."

तास सुटल्यावर तामलवाडीची एक पोरगी तिच्यापाशी थांबली म्हणे. बाप बँडमध्ये ढोल वाजवतो, हे तिनं आपणहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी म्या पोराला खिळा ठोकायला लावला. लोहाऱ्यात धनुकली दारामागं असायची, इथं दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणारा विचारतो, हे काय? म्या सांगतो. घर कुठं म्हणाल, तर आता ती भिंत.