पोरगी नालवाडीले देल्ली म्हणे!

मंडळी, आज सकाळी पवनारहून वर्ध्याला जाताना बसमध्ये शेजारच्या काकूंनी माझा हात धरला. "काऊन वो, पोरगी नालवाडीले देल्ली म्हणे? आम्हाले बोलावलं बी नाई!"

मला हसूच फुटलं. माझी श्रुती कॉलेजात आहे, बास्केटबॉल खेळते. स्पर्धा अर्ध्यावर असताना तिच्या क्लबने तिला नालवाडीच्या संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात त्यांची एक उंच खेळाडू घेतली. गावात तेवढं "देल्ली" पोहोचलं आणि सोयरीक पक्की झाली!

पण हसू टिकलं नाही. खरंच, देताना पोरीला कुणी विचारलं होतं?

बाजूला बसलेली श्रुतीच बोलली, "काकू, मले कोनी काऊन देईन? मी काय भांडं हाये? रविवारी त्याच क्लबसंग आमची मॅच हाये. पाह्यले येजा."

"मंग त्यायनं तुले सोडलं काऊन?"

"उंची पाह्यली त्यायनं. उडी पाह्याची राह्यली."

तर मंडळी, मागाहून "बोलावलं नाही" म्हणायचं नाही. रविवारी येताय ना? आहेर नको, आरडाओरडा हवा.