देविदाससमोरची गोळी

सेनगावकडच्या देविदासला सारं गाव ‘कलेक्टर’ म्हणायचं. खऱ्या कलेक्टरच्या गळ्यात नसेल एवढं मोठं ओळखपत्र याच्या गळ्यात. दिलेलं एका सेवाभावी संस्थेनं, पण खाली आरोग्य खात्याचं नाव होतं ना. अंघोळीच्या वेळी तो ते खुंटीला टांगायचा आणि वरून टॉवेल टाकायचा, शिंतोडे नकोत म्हणून. काम एवढंच, की टीबीच्या रोग्यांकडे रोज सकाळी जायचं, डोळ्यांसमोर गोळी गिळवायची आणि कार्डावर खूण करायची.

तांड्यावरची पारुबाई मोठी खट. देविदासनं चहा घेतल्याशिवाय ती गोळी तोंडात टाकायची नाही. आणि चहा म्हणजे निव्वळ पाक.

“मावशी, तुमचा टीबी जाईल, पण मला साखर होईल.”

“व्हऊ दे की. मग मी येईन तुला गोळी द्यायला.”

एकदा तिनं विचारलं, “म्या माझी माझी घेतली तं चालत न्हाई का?”

“तशी गोळी लागू पडत न्हाई मावशी. माझी खूण झाली की मगच ती काम करती.”

थट्टाच ती. सून पूजा हसली, म्हातारीही हसली.

चार महिन्यांत पारुबाई अंगानं भरली, स्वतः चूल सारवू लागली. दोनच महिने उरले होते. तेवढ्यात मार्चअखेरीला संस्थेचा खात्याशी असलेला करार संपला. खात्यातल्या साहेबांनी देविदासला बजावलं, “नवं पत्र येईपर्यंत कोणाच्या दारात जायचं नाही. कमीजास्त झालं तर उत्तर कोण देणार?” संस्थेच्या बाई म्हणाल्या, “ऐक त्यांचं. खातं नाराज नको.”

आमचा कलेक्टर कागदाला फार भ्यायचा. त्यानं महिन्याच्या गोळ्या पारुबाईच्या हातात ठेवल्या, रोज घ्या म्हणून सांगितलं आणि घरी बसला. पारावरची मंडळी विचारायची, “काय कलेक्टर, सस्पेंड का?” तो नुसता ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहायचा.

सव्विसाव्या दिवशी पत्र आलं. तसाच तो तांड्यावर गेला. पारुबाई बाजेवर पडली होती, खोकून खोकून निम्मी झालेली.

“काहून आला न्हाईस बापू? रोज चहा ठेवून राहिले होते.”

“गोळ्या घेतल्या ना मावशी?”

तिनं उशाखालून फडकं काढून गाठ सोडली. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

“तू नव्हता, मग खूण कोण करन? वाया जाऊ नये म्हणून जपून ठेवल्या. बराबर हायेत बघ.”

“मी लई सांगितलं भाऊ,” पूजा म्हणाली, “माझं ऐकतच न्हाईत.”

देविदासनं म्हातारीला त्याच दिवशी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. पण आजार हाताबाहेर गेला होता. मृग लागायच्या आत पारुबाई गेली.

खात्याच्या यादीत तिच्या नावापुढं शेरा पडला, ‘रुग्णाने स्वतःहून उपचार सोडले.’ तो बदलून घ्यायला देविदास चारदा कार्यालयात जाऊन आला. ओळखपत्र आता खुंटीलाच असतं. हातात ते गोळ्यांचं फडकं असतं, पुन्हा तशीच गाठ मारलेलं. दरवेळी तो ते टेबलावर ठेवतो आणि तेच सांगतो, “तिनं सोडलं न्हाई साहेब. ती माझी वाट पाहून राहिली होती.”