सर्व्हरला लागलेला हात

"ती बाई आत कशी आली? पूजा मांडलीय इथं. बाहेर काढ तिला."

साहेब मला म्हणाले. त्या बाईच्या हातात फडकं होतं. ती माझी आई होती.

मी म्हणाले, "मावशी, बाहेर थांबा."

ती म्हणाली, "व्हय मॅडम."

आणि गेली.

लोणी देवकरच्या त्या कारखान्यात आई ठेकेदाराकडून झाडायला होती. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर. आम्ही मायलेकी वरकुट्याहून एकाच गाडीनं यायचो. पण मी एक थांबा आधी उतरायची. दोघींना सोबत कुणी बघू नये म्हणून. आईला कारण मी कधी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

ऑफिसात प्रत्येकाच्या फायली आपापल्या कॉम्प्युटरात पडलेल्या. एक कागद हवा तर पेनड्राइव्ह घेऊन चार टेबलं फिरायचं. मी म्हणाले, सगळ्यांचा मिळून एक सर्व्हर करू. बारामतीला शिकले होते तेवढ्यावर आठवडाभर खपले. भिंतीकडेनं केबल ओढली. दोन डिस्कचा तो काळा डबा बसवला. प्रत्येकाचं फोल्डर केलं, पासवर्ड दिले. रोज घरी आईला सांगायची, आज एवढं झालं. तिला त्यातलं काही कळायचं नाही. तरी चूल सोडून ऐकत बसायची.

म्हणून सर्व्हरच्या पूजेच्या सकाळी ती आत आली होती. पुसायचं निमित्त. लेकीनं काय केलंय ते बघायला. डब्यावर तिनं नुसता हात ठेवला. लहान पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

साहेबांनी ते पाहिलं होतं. ती गेल्यावर म्हणाले, "या लोकांना कितीदा सांगायचं. हात लावला ना तिनं? पुसून घे."

मी पुसलं.

माझ्या हातांनी पुसलं. चांगलं दोनदा.

मग नारळ फुटला. पेढे वाटले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी हुशार आहे. चांगल्या घरातली दिसते."

मी म्हणाले, "साहेब, मघाशी बाहेर काढली ती माझी आई आहे."

शेजारच्या बाईंनी हातातला पेढा हळूच ताटात परत ठेवला. साहेब खाली बघत म्हणाले, "आधी सांगायचं ना."

सोमवारी ठेकेदारानं आईला गेटवरूनच परत पाठवलं. मला मात्र ठेवलं. सर्व्हरचं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही, असं साहेब म्हणाले. मी सगळे पासवर्ड कागदावर लिहिले, त्यांच्या टेबलावर ठेवले आणि निघाले.

आई घरी भाकऱ्या थापत होती. मी नोकरी सोडल्याचं सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग तव्याकडं बघतच म्हणाली,

"त्यांनी बाहेर काढलं त्याचं काय न्हाय गं. ते जल्माचंच हाय. तू मावशी म्हणालीस."

मला माफी मागायला तोंड नव्हतं. अजून नाही. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. आता सर्व्हरचं काही सांगायला लागले की ती उठून जाते.

हल्ली मी बारामतीत हीच कामं घेते. कुणी बोलावलं की केबलचं माप घ्यायच्या आधी सांगते, मी कोण, माझी आई कोण, ती काय काम करायची. काहीजण नंतर फोन उचलत नाहीत. नका उचलू. जिथं माझी आई आत चालणार नाही, तिथं मी पाऊल ठेवणार नाही.