नळीतलं काळं कडं

काल नळ दुरुस्त करणाऱ्याने नवा पाइप उजेडाकडे धरून आत डोळा लावला, आणि मी मनाने थेट पनवेलच्या आमच्या जुन्या ओट्यावर जाऊन बसलो.

जवळच्या नेरे गावातल्या आमच्या शेतात तेव्हा रानडुकरं माजली होती. बंदुकीचा परवाना हाती पडताच मी दुकानातून लिव्हर ओढून गोळी भरायची एक जुनी कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, घेऊन आलो. तपासली कशी? चकचकीत लाकडी दस्त्यात माझे दात दिसतात का, ते पाहून! लिव्हरचा खटखट आवाजही फार रुबाबदार वाटला.

दुसऱ्या दिवशी डुकरांसाठी दबा धरून बसायचं होतं. शेजारचे सॅम्युएलकाका पूर्वी पलटणीत बंदुका दुरुस्त करायचे. त्यांनी ती रिकामी असल्याची खात्री केली, लिव्हर उघडून मागे पांढरा कागद धरला आणि म्हणाले, "बघ समोरून."

आत प्रकाशाची वलयं होती, एकात एक, खोल खोल जाणारी, आणि मधोमध एक काळंभोर कडं.

"काका, काय सुंदर आहे हो!"

"अरे शहाण्या, तिथे नळी फुगलीय. उद्या तुझ्या तोंडाशी फुटली असती."

त्याच संध्याकाळी बंदूक परत करायला गेलो. पण खरं सांगू? दुकानाच्या पायरीवर बसून, कागद लावून, मी आणखी एकदा आत पाहिलंच. आता ते काय आहे हे ठाऊक होतं, तरी तितकंच सुंदर दिसलं.